लाल बुट्टीच्या पुस्तकाचा शेवट

लग्न होऊन मी उज्जैनला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्या कमी आणि पुस्तकं जास्त होती. ट्रंक उघडल्यावर सासूबाईंचा जो चेहरा झाला तो मी अजून विसरलेले नाही. माझे यजमान शाळामास्तर, पण घरात क्रमिक पुस्तकांपलीकडे एक पान नव्हतं. आणि मी साताऱ्याकडची, त्यामुळे इथलं मराठी मला पहिल्यांदा फार टोचायचं. ‘काय करून राहिल्या?’, ‘चहा पिऊन घ्या’, ‘मला फुरसत नाही’. मी मनातल्या मनात सगळ्यांची वाक्यं दुरुस्त करत बसायची. दोन वर्षांनी माहेरी गेले आणि आईला ‘आता बस कर’ म्हणाले, तेव्हा भावंडांनी माझी यथेच्छ टिंगल केली.

मला उज्जैनमध्ये रुजवलं ते माधवनगरातल्या काकूंनी. काकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या. त्यांच्या सासरचे पूर्वज दरबारात कारकुनी करायला म्हणून आले आणि इथलेच झाले. पुणं त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण पुण्याच्या पुस्तकविक्रेत्याचा पत्ता तोंडपाठ होता. दर शनिवारी दुपारी, जेवणंखाणं आवरली की त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही आठ-नऊ बायका जमायचो. त्या बैठकीला आम्ही पुस्तकांची भिशी म्हणायचो. सगळ्यांनी थोडंथोडं घालून एक नवं पुस्तक व्ही.पी.च्या टपालानं मागवायचं, चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावायच्या आणि जिची पाळी शेवटची तिनं पुस्तक ठेवून घ्यायचं. पुस्तक आलं की काकू आधी त्याला कापडी कव्हर शिवत. कापड भैरवगढच्या ठसे छापणाऱ्या छिप्यांकडचं, गोधड्या-जाजमांतून उरलेले तुकडे. त्यामुळे आम्ही पुस्तकांना नावानं ओळखतच नव्हतो. ‘ते निळ्या वेलीचं वाचलंत का?’, ‘काळ्या चौकटीचं मला नाही बाई आवडलं,’ असं आमचं बोलणं चाले. बाहेरच्याला वाटावं, लुगड्यांची चर्चा चाललीय.

पोहे-शेव झाले की जिनं नुकतं वाचलेलं असेल तिनं सांगायचं. एकीला फक्त रडवणारी पुस्तकं आवडत. डोळ्यांतून पाणी आलं नाही तर तिला वेळ वाया गेल्यासारखं वाटे. एक प्रवासवर्णनांशिवाय काही वाचत नसे आणि सांगताना गाड्यांच्या वेळांसकट सांगे, म्हणून आम्ही तिला टाइमटेबल म्हणायचो. या सगळ्यांत नियम एकच होता आणि तो काकूंचा होता. शेवट सांगायचा नाही. पुस्तक एक, वाचणाऱ्या इतक्या, पाळी यायला महिने लागत. शेवट आधीच कळला तर तेवढे महिने कशाच्या आशेवर काढायचे? कुणी भरात येऊन पुढं जाऊ लागली की काकू हात वर करत. “बस! पाळी येईल तेव्हा ज्याचं तो पाहून घेईल.” त्या हातापुढे कुणाची टाप नव्हती.

काकूंशी वाद घालायची हिंमत फक्त ओव्हरसियरीणबाईंची. त्यांचे यजमान सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, नागपूरकडून आलेले. दोघी एकमेकींच्या पुस्तकांना नावं ठेवत आणि एकमेकींनी शिफारस केलेलंच आधी वाचत. एक शनिवार दुसरी आली नाही तर पहिलीचा चेहरा उतरलेला असे. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू? आमच्यापैकी कुणाचीच कुणाशी इतकी जिवाभावाची मैत्री नव्हती.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, संस्थानच्या जमाबंदी खात्यातून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र आणि पंचांग याखेरीज छापील अक्षराशी त्यांचा संबंध नव्हता. “जी माणसं जन्मालाच आली नाहीत त्यांच्यासाठी डोळे कशाला पुसून राहिल्या?” असं ते आम्हाला हटकून विचारत. मग काकू त्यांना वर्तमानपत्रासकट ओट्यावर पिटाळत. पण आत कुणी गोष्ट सांगायला लागलं की ओट्यावरच्या वर्तमानपत्राचं पान फार वेळ उलटत नसे, हे मी हेरून ठेवलं होतं. म्हाताऱ्या माणसाची चोरी पकडून काय मिळवायचंय!

संस्थान गेलं, मध्यभारत आला, आणि काही वर्षांत तोही जाणार असं ठरलं. नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. काका म्हणायचे, “घर न बदलता दोन राज्यांत राहून झालं. आता आणखी किती?” ते हसून म्हणत, पण आमच्या शनिवारावर तेव्हाच सावट पडलं होतं. कचेऱ्या हलायला लागल्या. ज्या घरी जावं तिथं पेट्या आणि त्यांत भरायच्या गवताचे भारे. नवऱ्याला विचारावं तर तो सांगे, ऑर्डर आली की कळेल. बायकांना कोण विचारतो? भांड्यांबरोबर त्याही बांधल्या जात होत्या. मला फार राग यायचा. कुणावर, ते मात्र सांगता यायचं नाही.

त्याच दिवसांत लाल बुट्टीचं पुस्तक आलं. जाडजूड कादंबरी, काकूंनी तिला लाल-काळ्या बुट्ट्यांचं कापड घातलं होतं. पहिली चिठ्ठी ओव्हरसियरीणबाईंची निघाली, दुसरी काकूंची, तिसरी माझी. पुढच्या शनिवारी बाईंनी गोष्ट सांगितली, आणि इतकी सुंदर सांगितली की पोहे तसेच निवले. एक बाई नवऱ्याशी भांडून घर सोडते. दूर खेड्यात जाऊन शाळेत शिकवते. इकडे नवरा काही तिला शोधत नाही, दुसरं लग्नही करत नाही. पुष्कळ वर्षं जातात. केस पिकतात. मग एका संध्याकाळी ती नवऱ्याच्या गावी उतरते, चालत चालत घरापाशी येते आणि दाराच्या कडीला हात लावते.

“आणि?” टाइमटेबल ओरडली.

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात वर केला होता, पण त्यांचेच डोळे चमकत होते. “बस,” त्या म्हणाल्या. “पुढच्या शनिवारी पुस्तक माझं. मी पाहीन तिनं कडी वाजवली की नाही.”

पुढचा शनिवार आला नाही. ओव्हरसियरांची ऑर्डर निघाली ती तातडीची. दोन दिवसांत ट्रक आला, पेट्या चढल्या आणि त्या गडबडीत लाल बुट्टीचं पुस्तक कुठल्यातरी पेटीत गेलं. निरोप घेताना बाईंच्या ते लक्षात आलं. त्या ट्रकमागे धावायलाच निघाल्या होत्या. काकूंनी त्यांना धरून ठेवलं आणि म्हणाल्या, “जाऊ द्या हो. भोपाळ काय विलायतेत आहे? पाठवून द्या फुरसतीनं.” मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आम्हीही रडलो.

थंडी पडली आणि काकू अंथरुणाला खिळल्या. पोटाचं दुखणं जुनंच होतं, त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. काका आत आले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, आणि मी काय समजायचं ते समजले. त्यांची लेक दूर दिली होती, तिची तान्ही मुलं, ती येईपर्यंत आम्ही बायका पाळीपाळीनं जात असू. भिशी मोडली होती, पाळ्या तेवढ्या उरल्या होत्या.

काकूंनी औषधाची तक्रार केली नाही, दुखण्याची केली नाही. एकच धोशा लावला. मी पेज घेऊन गेले की विचारायच्या, “सूनबाई, पुस्तक आलं?”

“येईल हो काकू.”

“तुम्ही वाचलंय का? वाचलं असेल तर सांगून द्या ना. कोणाला नाही बोलणार मी.”

ज्या बाईनं आयुष्यभर हात वर करून सगळ्यांना थांबवलं ती आज शेवट मागत होती. म्हणजे आपली पाळी येणार नाही हे तिला कळलं होतं. मी खरं तेच सांगितलं की माझी पाळी त्यांच्यानंतरची, मी वाचलेलं नाही. “बरोबर,” त्या म्हणाल्या, “तुमची तर माझ्यामागून.” आणि भिंतीकडे वळल्या. घरी येताना मी रस्त्याने रडत आले. लोक बघत होते, बघू देत.

काकांनी भोपाळला पोस्टकार्ड टाकलं. आपल्या लोकांची एक रीत आहे, कार्डावर वाईट लिहायचं नाही. कार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात, आणि लिहिलेलं खरं होतं अशीही एक भीती असते. तेव्हा काकांनी लिहिलं की सौ.ची प्रकृती किंचित नरम आहे, काळजीचं कारण नाही, कादंबरीचा शेवट तेवढा कळवावा. मी ते पेटीत टाकायच्या आधी वाचलं आणि तोंडावर म्हटलं, “काका, किंचित नरम? असं लिहिलंत तर त्यांना काय कळणार?”

“मग काय लिहू?” ते म्हणाले. “तुम्ही सांगा. लिहितो.”

मी कार्ड तसंच नेऊन टपालपेटीत टाकलं.

उत्तर आलं. बाईंनी नेहमीच्या थाटात लिहिलं होतं की अजून घर मिळालेलं नाही, चार बिऱ्हाडं एका बराकीत कोंबली आहेत, पेट्या एकीवर एक रचून ठेवल्यात, त्या उघडल्या की पहिलं काम पुस्तकाचं. शेवट मात्र कळवणार नाही. काकूंचाच नियम, त्यांनी मोडायला सांगितला तरी मी मोडणार नाही. लवकर हिंडूफिरू लागा आणि स्वतः वाचा. मग भांडू.

काकांनी ते काकूंना वाचून दाखवलं. काकू हसल्या. “पक्की आहे,” म्हणाल्या. त्या कार्डात किती माया होती ते आम्हा तिघांनाही दिसत होतं, आणि त्याचा उपयोग काही नव्हता. त्याच दुपारी मी घरी जाऊन पाकीट लिहिलं. कार्ड नव्हे, पाकीट. काकू जगणार नाहीत, लवकर या, एवढंच. पुण्याला दुसरी प्रत मागवायचं माझ्या यजमानांनी सुचवलं, तर हिशेब केल्यावर व्ही.पी. यायला तितके दिवस तरी आहेत का, याच प्रश्नाशी आम्ही येऊन थांबलो.

मग ती दुपार. मी काकूंच्या उशाशी बसून त्यांचे पाय चेपत होते. म्हणजे आधी उशाशी, मग पायाशी, त्यांना कुठंच बरं वाटत नव्हतं. काका चहा घेऊन आले. चहा त्यांनी स्वतः केला होता. काकू पडल्यापासून ते चूल पेटवायला शिकले होते आणि त्यांच्या चहाला धुराचा वास यायचा. कपबशी खाली ठेवून ते पलंगाच्या कडेवर बसले आणि घसा खाकरून एकदम म्हणाले, “तिनं कडी वाजवली.”

काकूंनी डोळे उघडले. “कोणी?”

“त्या तुझ्या पुस्तकातल्या बाईनं. कडी वाजवली. नवरा घरातच होता. त्यानं दार उघडलं.”

मी पाय चेपायची थांबले. काका माझ्याकडे बघत नव्हते. कचेरीत साहेबापुढे जबानी द्यावी तसे ते ताठ बसून सांगत होते. “दार उघडून तो काही बोलला नाही. बोलायचं काय? मग म्हणाला, ‘ये. थंडी आहे.’ ती आत आली. घरात सगळं जिथल्या तिथं होतं. तिचा पाट, तिचा तांब्या. त्यानं काही हलवलंच नव्हतं. मग त्यानं चूल पेटवली आणि तिला चहा करून दिला. ती प्यायली. मग म्हणाली, ‘साखर जास्त झाली.’ तो म्हणाला, ‘उद्या कमी घालीन.’ बस. खतम.”

मग काकूंनी विचारलं, “चहा नवऱ्यानं केला?”

“हो.”

“असं नसणार,” त्या म्हणाल्या.

काकांचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गोष्ट रचली होती आणि ती पकडली गेली होती. काकूंनी हात पुढे केला, त्यांचा हात शोधला आणि म्हणाल्या, “राहू द्या. मला हाच चालेल.” मग चहा मागितला. दोन घोट घेतले असतील. तो धुराचा चहा, पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

आठवड्याच्या आत काकू गेल्या. पहाटे गेल्या, कुणालाही त्रास न देता. लेक येऊन पोचली होती, एवढं तरी झालं. मला रडूच येईना, नुसता संताप येत होता. राजधानी हलवणाऱ्यांचा, ट्रकवाल्याचा, पेट्यांवर पेट्या रचणाऱ्यांचा. एक पुस्तक, नुसतं एक पुस्तक हवं होतं त्या बाईला.

अस्थी घेऊन काका आणि जावई सकाळी क्षिप्रेच्या रामघाटावर जाऊन आले, त्याच दिवशी दुपारी दारात टांगा थांबला आणि ओव्हरसियरीणबाई उतरल्या. माझं पाकीट त्यांना उशिरा मिळालं होतं. बराकीत पत्रांची दाणादाण, ते आधी दुसऱ्याच बिऱ्हाडात गेलेलं. मिळाल्याबरोबर त्यांनी हमालासारख्या पेट्या उतरवून उघडल्या होत्या. हाताला खिळ्यांचे ओरखडे होते, आणि त्या हातात लाल बुट्टीचं पुस्तक होतं. त्यांनी ओट्यावर बसलेली माणसं पाहिली, काकांचं मुंडण पाहिलं, आणि पायरीवरच बसल्या.

“मी सांगितलं नाही हो,” त्या काकांना म्हणाल्या. “एका ओळीत मावलं असतं ते. कार्डावर जागा होती. मी सांगितलं नाही.”

“तुम्हाला काय माहीत,” काका म्हणाले. “मीच लिहिलं, किंचित नरम.”

“मला वाटलं, शेवट राखून ठेवला तर त्या त्यासाठी उठून बसतील. खरंच असं वाटलं हो मला.”

लेकीनं त्यांना आत नेलं. ज्या खोलीत काकू गेल्या तिथं जमिनीवर पीठ पसरून त्यावर पणती ठेवली होती. दहा दिवस ती विझू द्यायची नसते. पलंग बाहेर काढल्यामुळे खोली भलतीच मोठी दिसत होती. बाई पणतीसमोर मांडी घालून बसल्या. मग त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, मागची पानं उघडली आणि म्हणाल्या, “काकू, ऐका. आता हात वर करायचा नाही.”

आणि त्या मोठ्यानं वाचायला लागल्या.

पहिलंच वाक्य कानावर आलं आणि दाराशी उभे असलेले काका वळले. ते मागल्या अंगणात गेले. माझीही पाळी अजून आली नव्हती, आणि आज तर काकूंसमोर तो नियम मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी त्यांच्या मागोमाग गेले.

नळाला पाणी आलं होतं. काकांनी बादली लावली होती आणि ती कधीच भरून वाहत होती. तरी त्यांनी तोटी आणखी पिळून पूर्ण सोडली. पाण्याचा मोठा आवाज झाला. ते त्या आवाजात डोकं खाली घालून उभे राहिले.

“काका, पाणी वाहून जातंय,” मी म्हटलं.

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “मला ऐकायचं नाही.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तिला खरं काय ते वाचून दाखवून राहिल्यात?”

“हो.”

“दाखवू द्या. तिची पाळीच होती.” त्यांनी ओला हात तोंडावरून फिरवला. मुंडण केलेलं ते डोकं मला एकदम लहान मुलासारखं वाटलं. “सूनबाई, तुम्ही होत्या ना तिथं. तिला माझा शेवट आवडला का हो?”

“त्या म्हणाल्या ना तुमच्यासमोर, हाच चालेल म्हणून.”

“ते माझ्यासाठी बोलली ती,” काका म्हणाले. “आवडला असं नाही बोलली.”

काका माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी सांगेन म्हणून. आत वाचणं चालूच होतं. पाणी बादलीतून वाहून तुळशीपर्यंत गेलं, तिथून दाराबाहेर जाऊ लागलं. शेजारीण भिंतीवरून डोकावून नळ बंद करा म्हणाली. मी तिला हातानंच थांबवलं आणि नळ तसाच राहू दिला.